हळद, बेदाणा आणि नवं तंत्रज्ञान : सांगलीतल्या छोट्या व्यावसायिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती पेठेतले आणि मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी, तासगाव-कवठेमहांकाळकडचे बेदाणा उत्पादक, मिरजेत सतार-तानपुरे घडवणारे कारागीर, घरून मसाला आणि भडंग विकणाऱ्या गृहिणी. या सगळ्यांकडून मार्केटिंगबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांब आहेत, कारण तिथेच पैसा आणि वेळ वाया जातो.

एआय, चॅटबॉट, क्यूआर कोड, रील्स... यातलं आधी काय घ्यायचं?

आधी यातलं काहीच घेऊ नका. एक कागद घ्या आणि तुमचं गिऱ्हाईक नेमकं कुठे थबकतं ते लिहून काढा.

समजा, पुण्यात कोथरूडला राहणारी एक बाई सांगलीची हळद मागवू पाहते आहे. तिच्या मनात चार शंका असतात. यात भेसळ तर नसेल? ही खरंच सांगलीची आहे की नुसतं नाव लावलंय? अनोळखी नंबरवर पैसे पाठवले तर माल येईल का? आणि आवडली, तर पुढच्या वर्षी परत कुणाकडून मागवायची? या शंकांवर वेगवेगळी साधनं आहेत. भेसळीच्या आणि मूळ गावाच्या शंकेला क्यूआर कोडमागची माहिती उत्तर देते. पैशांच्या भीतीवर गुगल नकाशावरची दुकानाची नोंद आणि खऱ्या लोकांचे अभिप्राय कामी येतात. परत मागवायचं असेल तर व्हॉट्सॲपची नीट ठेवलेली यादी हवी.

ज्या शंकेमुळे तुमची सर्वांत जास्त गिऱ्हाइकं परत जातात, तिथून सुरुवात करा. शेजाऱ्याने चॅटबॉट (गिऱ्हाइकाला आपोआप उत्तरं देणारी यंत्रणा) घेतला म्हणून आपणही घ्यायचा, याला काही अर्थ नाही. त्याचं गिऱ्हाईक कदाचित दुसऱ्याच जागी अडत असेल.

हे सगळं मोठ्या कंपन्यांचं काम. आपल्यासारख्यांना याचा काय उपयोग?

उलट फायदा छोट्यांचाच जास्त आहे. हार्वर्डचे प्राध्यापक क्लेटन ख्रिस्टेन्सन यांनी १९९५ मध्ये एक विचार मांडला. बाजार उलटापालटा करणारं तंत्रज्ञान सुरुवातीला साधं, स्वस्त आणि मोठ्यांना किरकोळ वाटणारं असतं. मोठे व्यापारी ज्या गिऱ्हाइकाकडे लक्षच देत नाहीत, ते गिऱ्हाईक आधी तिकडे वळतं. मग हळूहळू ते तंत्र सुधारत जातं आणि मुख्य बाजारापर्यंत पोहोचतं.

आपल्या पेठेत हेच घडताना दिसतं. सांगलीचा हळदीचा सौदा पोत्यांत आणि क्विंटलांत होतो. अर्धा किलो हळद हवी असलेली पुण्या-मुंबईची बाई ही अडत्याचं गिऱ्हाईक कधीच नव्हती. तिला तिच्या गल्लीतल्या किराणा दुकानात जे मिळेल ते घ्यावं लागायचं. २०१६ साली यूपीआय सुरू झालं, त्याच वर्षी जिओमुळे मोबाइल इंटरनेट स्वस्त झालं आणि २०१८ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस आलं. या तीन गोष्टींना कुरिअरची जोड मिळाली आणि अर्धा किलोचं गिऱ्हाईक परवडायला लागलं. त्यासाठी कुणाला मोठं भांडवल लागलं नाही. आष्ट्याची एखादी गृहिणी आज जे करू शकते, त्यासाठी वीस वर्षांपूर्वी मुंबईत एजंट नेमावा लागला असता.

व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट पाठवतो, पण कुणाचं उत्तरच येत नाही. का?

पहिलं कारण तांत्रिक आहे. ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय, त्यांनाच तुमचा ब्रॉडकास्ट पोहोचतो. एका यादीत २५६ लोकच बसतात. म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये मराठीत एक छोटी चिठ्ठी टाका : "हा नंबर सेव्ह करून ठेवा, नवी हळद आली की कळवू." ही चिठ्ठी हजारो रुपयांच्या जाहिरातीपेक्षा जास्त काम करते.

दुसरं कारण म्हणजे मजकूर. रोज सकाळी फुलांचं चित्र आणि शुभ सकाळ पाठवणारा नंबर लोक म्यूट करतात. तुमच्याकडे सांगण्यासारखं काही असेल तेव्हाच लिहा. जानेवारी-फेब्रुवारीत नवी हळद बाजारात यायला लागते. मार्च ते मे या काळात घरोघरी वर्षाचा मसाला आणि तिखट होतं. बेदाण्याचा नवा माल उन्हाळ्यात तयार होतो, मागणी मात्र दिवाळीआधी वाढते. वर्षातून या चार वेळांना मोजका, कामाचा निरोप पाठवा. भाव, वजन, पोहोचायला लागणारे दिवस आणि एक खरा फोटो एवढं त्यात पुरेसं आहे.

तिसरं म्हणजे, व्हॉट्सॲप बिझनेसमधली लेबलं वापरा. "दरवर्षी घेणारे", "एकदाच घेतलं", "फक्त विचारलं" असे तीन गट केले तरी कुणाला काय लिहायचं ते स्पष्ट होतं. दरवर्षी घेणाऱ्या माणसाला "पहिल्या खरेदीवर सूट" असा निरोप गेला, तर हे आपल्याला ओळखतच नाहीत, असं त्याला वाटतं.

नंबरांच्या याद्या विकत घेऊ नका. त्यातले लोक तुम्हाला ब्लॉक करतात, तक्रार करतात आणि खातंच बंद होण्याची वेळ येते.

चॅटबॉट लावावा का?

दिवसाला पाच-दहा चौकशा येत असतील तर नको. "क्विक रिप्लाय"मध्ये भाव, कुरिअरचा खर्च आणि खात्याचा तपशील साठवून ठेवा, बाकीचं स्वतः लिहा. चौकशा इतक्या वाढल्या की रात्री अकराला माणूस थकतोय, तेव्हा व्हॉट्सॲपच्या एपीआयचा, म्हणजे व्हॉट्सॲपला बॉट जोडून देणाऱ्या सेवेचा, विचार करा. त्यात एक नियम लक्षात ठेवायचा : गिऱ्हाइकाने लिहिल्यापासून २४ तासांत तुम्ही मोकळेपणाने उत्तर देऊ शकता, त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेला मजकूरच पाठवता येतो. बॉट लावला तरी "माणसाशी बोला" हे बटण पहिल्याच निरोपात ठेवा. आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी तर थेट फोनच करतात. त्यांचा फोन उचलणारं कुणीतरी हवंच.

पाकिटावर क्यूआर कोड छापायचा आहे. तो स्कॅन केल्यावर काय दिसावं?

बहुतेक जण तिथे दुकानाचं मुखपृष्ठ ठेवतात आणि संधी घालवतात. ज्याने पाकीट हातात घेऊन स्कॅन केलंय, त्याला दुकान नको असतं. त्याला या पाकिटातल्या मालाविषयी जाणून घ्यायचं असतं.

हळदीच्या पाकिटामागे एवढं दिसू द्या : लॉट क्रमांक, हळद कोणत्या गावची, वाण कोणतं, काढणी कोणत्या महिन्यात झाली, शिजवणं आणि पॉलिश कुठे झालं, दळली कधी, आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल. हळदीत पिवळ्या रंगासाठी शिशाचं क्रोमेट किंवा मेटॅनिल यलो हे घातक रंग मिसळल्याचे प्रकार देशात उघडकीस आलेले आहेत. त्यामुळे शिशाची तपासणी केलेला अहवाल दाखवलात, तर जाणकार गिऱ्हाईक तिथेच थांबतं. कुर्क्युमिनचं (हळदीला रंग देणाऱ्या घटकाचं) प्रमाण द्यायचं असेल तर त्याच लॉटचं द्या, गेल्या वर्षीचं नको.

आपल्या जिल्ह्याला ही कल्पना नवी नाही. युरोपला द्राक्षं पाठवणाऱ्या शेतकऱ्यांनी अपेडाच्या (शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या) ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर बागांची नोंद करायला २००६ पासूनच सुरुवात केली. कोणत्या बागेतली पेटी कुठे गेली, फवारणी काय झाली, तपासणीत काय आढळलं, हे त्यातून मागे जाऊन पाहता येतं. तासगावचा द्राक्षबागायतदार हे करू शकतो, तर बेदाणा आणि हळद विकणाऱ्यालाही ते जमेल. फरक एवढाच की तिथे माहिती परदेशातल्या खरेदीदारासाठी होती, इथे ती कोथरूडच्या स्वयंपाकघरासाठी आहे.

त्या पानावर एक मिनिटाचा व्हिडिओ टाका. हरिपूरला कृष्णाकाठी जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची जुनी रीत होती. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ पेवं गेली. तुमच्या घरात पेवांची आठवण सांगणारे आजोबा असतील तर त्यांना बोलू द्या. हे दुसऱ्या कुठल्या राज्यातला व्यापारी दाखवू शकणार नाही.

एक सावधगिरी : कोड फुकटच्या अनोळखी संकेतस्थळावरून बनवू नका. ती सेवा बंद पडली की छापलेली सगळी पाकिटं मुकी होतात. स्वतःचं डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) घ्या आणि कोड त्यावरच्या पानाकडे न्या. मागची माहिती बदलली तरी छापील कोड तोच राहतो.

मग ब्लॉकचेन हवी का?

नको. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेली डिजिटल वही. ती एकदा केलेली नोंद बदलू देत नाही, पण पहिली नोंदच खोटी असेल तर तिला खरं करू शकत नाही. पोत्यात काय आहे हे प्रयोगशाळाच सांगते.

सांगलीच्या हळदीला जीआय आहे. मग ते चिन्ह छापू का?

सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला ते २०२४ मध्ये मिळालं. मानांकन मिळालं म्हणजे जिल्ह्यातला कुणीही ते चिन्ह लावू शकतो, असा समज सर्रास आहे आणि तो चुकीचा आहे. त्यासाठी चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयात "अधिकृत वापरकर्ता" म्हणून नाव नोंदवावं लागतं. नोंदणी करून घ्या. ऑनलाइन बाजारात "सांगली" हे नाव लावून कुठलीही हळद विकली जाते. तिथे ही नोंदणी कायद्याने तुमच्या बाजूने उभी राहते.

एआयकडून मराठी जाहिरात लिहून घेतली तर चालेल का?

चालेल, पण कच्चा माल तुम्ही द्यायचा. "हळदीची जाहिरात लिही" असं सांगितलंत तर "निसर्गाचं सोनं आता तुमच्या दारी" असलं काहीतरी मिळेल. ते कुणाच्याही पाकिटावर चिकटवता येतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. त्याऐवजी फोनवर पाच मिनिटं बोलून रेकॉर्ड करा : यंदा पाऊस कसा होता, हळद किती उशिरा निघाली, रंग का चांगला आलाय, गिऱ्हाईक काय विचारतं. ते बोलणं एआयला द्या आणि त्यातून तीन छोटे निरोप काढायला सांगा. मग ते मोठ्याने वाचा. जे वाक्य तुम्ही दुकानात उभं राहून बोलला नसता, ते खोडा. मला स्वतःला एआयचा खरा उपयोग इथे दिसतो : ज्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप आहे, पण लिहायला हात धजत नाही, त्यांच्यासाठी.

आरोग्याच्या बाबतीत फार जपा. हळदीबद्दल विचारलं की एआय बिनदिक्कत "कर्करोगावर गुणकारी", "मधुमेह बरा करते" असं लिहून मोकळं होतं. औषधे आणि जादुई उपचार कायदा, १९५४ नुसार असे दावे करून जाहिरात करता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. "एआयने लिहिलं" हे उत्तर तिथे चालणार नाही, पाकिटावर नाव तुमचं आहे. अन्नपदार्थ असेल तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांकही हवाच, घरून विकत असाल तरी.

आणि एआयने बनवलेले फोटो?

सणाच्या शुभेच्छांसाठी खुशाल वापरा. मालाचा, शेताचा, शेतकऱ्याचा किंवा गिऱ्हाइकाचा फोटो मात्र खराच हवा. एआय हळकुंडं गुळगुळीत आणि केशरी दाखवतं. पार्सल उघडल्यावर खरी हळद वेगळी दिसली की कोथरूडच्या त्या बाईची भेसळीची शंका खरी ठरते.

गुगल नकाशावर दुकान आहे, पण अभिप्राय नाहीत. पैसे देऊन मिळतात म्हणे?

मिळतात, आणि घेऊ नयेत. गुगलच्या नियमांत ते बसत नाही, आणि ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये स्वतंत्र मानक केलंय. मुख्य म्हणजे वाचणाऱ्याला ते कळतं. एकाच आठवड्यात एकाच सुरातले वीस अभिप्राय पाहिले की माणूस मागे सरतो.

पार्सल पोहोचल्यानंतर आठवड्याने लिंक पाठवा आणि नेमका प्रश्न विचारा : "रंग आणि वास कसा वाटला?" लोक मग मराठीत दोन ओळी लिहितात. वाईट अभिप्राय आला तर त्याला सगळ्यांसमोर, शांतपणे उत्तर द्या. उत्तर वाचणारे बहुतेक जण नवीन गिऱ्हाईक असतात. दुकानाच्या वेळा, सुट्टीचे दिवस आणि पाटी स्पष्ट दिसणारा फोटो अद्ययावत ठेवा. गुगलची नोंद फुकट आहे आणि छोट्या दुकानासाठी आजही तीच सर्वांत मोलाची आहे.

मिरजेत तानपुरे बनवतो. महाग वस्तू ऑनलाइन कोण घेणार?

वाद्य घेणाऱ्याची शंका हळदीपेक्षा वेगळी असते. त्याला आवाज ऐकायचा असतो. फोटोंवर मेहनत घेण्याऐवजी चांगला मायक्रोफोन घ्या आणि शांत खोलीत जवारी (घोडीचा माथा घासून सूर खुलवणं) लावण्याआधीचा आणि नंतरचा आवाज रेकॉर्ड करा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा कसा निवडता, तो का वाळवावा लागतो, हे कॅमेऱ्यासमोर सांगा. परदेशात शिकणारे विद्यार्थी असे व्हिडिओ शेवटपर्यंत पाहतात. मग व्हिडिओ कॉलवर तेच वाद्य छेडून दाखवायचं, जे पेटीत भरणार आहात. वाद्य पोहोचल्यावर तारा कशा लावायच्या, याचा कॉल विक्रीतच धरा.

एखाद्या नामवंत कलाकाराला मोबदला देऊन व्हिडिओ करून घेतलात, तर तो सशुल्क आहे हे त्यात स्पष्ट सांगावं लागतं. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये त्यासंबंधी मार्गदर्शिका दिली आहे.

जाहिरातीवर किती खर्च करू?

हरवले तरी झोप उडणार नाही एवढेच पैसे आधी लावा. समजा, रोज दोनशे रुपये, एक आठवडा. जाहिरात अशी लावा की दाबल्यावर थेट व्हॉट्सॲप उघडेल. शहर एकच निवडा, बहुधा पुणे, कारण आपल्या जिल्ह्यातली माणसं तिथे खूप आहेत आणि "सांगलीची हळद" म्हटल्यावर त्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दोन जाहिराती लावायच्या असतील तर त्यांत एकच गोष्ट बदला, एक तर फोटो किंवा मजकूर. दोन्ही बदललंत तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

गिऱ्हाइकांचे नंबर ठेवण्यावर आता कायदा आलाय का?

हो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली आहे. छोट्या दुकानदाराने आत्तापासून एवढं करावं : नंबर कशासाठी घेतोय ते सांगायचं, हो म्हणाल्यावरच निरोप पाठवायचे आणि "नको" म्हटल्यावर त्याच दिवशी नाव काढायचं. संमतीची सूचना मराठीत देण्याची सोय कायद्यातच आहे, ती वापरा. गिऱ्हाइकांची यादी एआयच्या फुकट खिडकीत टाकून "यातले चांगले निवड" असं सांगू नका. त्या लोकांनी नंबर तुम्हाला दिला होता.

एसएमएस पाठवायचे असतील तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे आधी नाव आणि मजकूर नोंदवावा लागतो. बहुतेकांना त्या खटपटीची गरज नाही.

ओएनडीसी किंवा मोठ्या ॲपवर विकावं का?

ओएनडीसी हे सरकारच्या पुढाकाराने उभं राहिलेलं, अनेक ॲपना जोडणारं खुलं ऑनलाइन बाजारजाळं आहे. भडंगासारख्या स्वस्त आणि जागा खाणाऱ्या मालाचा हिशेब आधी मांडा. कमिशन, पॅकिंग, वाहतूक आणि परत आलेली पार्सलं धरून काय उरतं ते पाहा. माल हातात आल्यावर पैसे देण्याच्या ऑर्डरींमध्ये परतीचं प्रमाण जास्त असतं, हे विसरू नका. ॲपवर गिऱ्हाईक ॲपचं असतं, त्याचा नंबर तुमच्या यादीत येत नाही. नवी माणसं मिळवण्यासाठी ॲप ठीक, पण नेहमीची उलाढाल स्वतःच्या यादीवर उभी करा.

महापूर आला की सगळं ठप्प होतं. त्याची काही तयारी करता येते का?

हा प्रश्न मार्केटिंगचाच आहे. २०१९ मध्ये सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. दुकानांतल्या मालाबरोबर खातेवह्याही भिजल्या. उधारीची आणि गिऱ्हाइकांची नोंद निदान एका ऑनलाइन तक्त्यात ठेवा आणि तिची प्रत घरातल्या दुसऱ्या व्यक्तीकडे असू द्या. पाणी वाढायला लागलं की गुगलवर दुकान "तात्पुरतं बंद" दाखवा, चालू जाहिराती थांबवा आणि ज्यांचे पैसे आलेत त्यांना आधी कळवा की पार्सल उशिरा निघेल. असा निरोप वेळेवर मिळालेलं गिऱ्हाईक थांबतं. भिजलेला माल सुकवून विकायचा मोह मात्र कुठल्याही अडचणीत नको.

हे चालतंय की नाही, कसं ओळखायचं?

लाइक मोजू नका. तीन आकडे वहीत लिहा : महिन्यात किती चौकशा आल्या, त्यातल्या किती जणांनी घेतलं आणि गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकांपैकी किती परत आले. तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा. प्रत्येक नव्या माणसाला "आमच्याबद्दल कुठून कळलं?" हे विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. पुष्कळदा उत्तर येतं, "बहिणीकडे पाहिलं." मग जाहिरातीचे पैसे कमी करून पार्सलमध्ये बहिणीसाठी पन्नास ग्रॅमची पुडी टाकणं जास्त शहाणपणाचं ठरतं.

हे सगळं आमची सून बघते. ती माहेरी गेली की काम अडतं. काय करावं?

धंद्याचा नंबर वेगळा घ्या आणि तो मालकाच्या नावावर ठेवा. गुगलच्या नोंदीवर घरातल्या आणखी एकाला व्यवस्थापक करा. व्हॉट्सॲप बिझनेस दुसऱ्या फोनशी जोडून ठेवा आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. डोमेन कोणी, कुठून घेतलंय आणि त्याचं नूतनीकरण कधी आहे, ते गल्ल्याजवळच्या वहीत लिहा. बाहेरच्या एजन्सीकडून काम करून घेत असाल तर जाहिरातीचं खातं तुमच्या ईमेलवर उघडायला सांगा, त्यांच्या नको. आणि सूनबाई हे काम करत असतील, तर दुकानाच्या हिशेबात त्यांचा पगार धरा.